शालिनीकाकींची प्रत

पाकिटावरच्या मिरचीचा लाल अजून थोडा मोकळा हवा, असं शालिनीकाकींच्या प्रतीनं कळवलं, तेव्हा चारुता नाडगौडा खुर्चीतून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला लागली. मोकळा लाल म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, आणि सांगणाऱ्यालाही नसणार, कारण ते सांगणारं कुणी माणूसच नव्हतं. दोन दिवसांपूर्वी हाच लाल 'फार उघडा' होता. तो जरा झाकला, तर 'कोंदट' झाला. आता तो मोकळा करायचा होता, पण उघडा होऊ द्यायचा नव्हता. असल्या सूचना ऐकण्यात निम्मं आयुष्य गेलेल्या बाईलाही एखाद्या दिवशी वाटतंच, की उठावं आणि खरोखरच्या मिरचीच्या पोत्यात डोकं खुपसावं.

चारुता कोल्हापुरात घरी बसून डिझाइनची कामं करायची. तिला साहेब नव्हता, हजेरी नव्हती आणि रजाही नव्हती. घरी असलेली बाई रिकामी असते, अशी अख्ख्या इमारतीची खात्री असल्यामुळे शेजाऱ्यांची पार्सलं तीच घ्यायची, त्यांच्या किल्ल्या तीच सांभाळायची. नवऱ्याच्या, निनादच्या, आत्याबाई दर दोन महिन्यांनी कुणाच्या तरी डोहाळजेवणाची पत्रिका 'सहज, बसल्या बसल्या' करून मागायच्या. तिला ताप आला तरी तो कुणाला दिसत नसे, कारण ती तापातही संगणकासमोरच दिसायची.

गडहिंग्लजच्या शालिनी देसूरकर हे तिचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांच्या कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट तिनं कॉलेज संपता संपता केलं होतं, आणि पुढे गोडा मसाला, भडंगाचा मसाला, जवसाची चटणी, सगळं तिच्याच हातचं. काकींची पद्धत ठरलेली होती. चारुतानं पहिला घास तोंडात घातला की त्यांचा फोन यायचा. मिरची मोठी कर, नाव अजून मोठं कर, हिरवं जरा कमी कर. मग दुसरा फोन, मग तिसरा. आणि चारुता आता रडणार असं वाटायला लागलं, की काकी एक सुस्कारा सोडून म्हणायच्या, "चालेल बघ. टाक छापायला."

त्या एका शब्दावर चारुताचं घर चाललं होतं. पण मागच्या वर्षी काकींचा मुलगा विक्रांत कारभार बघायला लागला आणि त्यानं आईला त्रास नको म्हणून तिची प्रत करून घेतली.

प्रत म्हणजे भुताटकी नव्हे, चांगलं पक्कं संशोधन होतं. एखादं चित्र समोर आलं की ते आवडलं का नाही, हे माणसाच्या आधी त्याच्या शरीराला कळतं. डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते किंवा होत नाही, दोन भुवयांमधला बारीक स्नायू आखडतो, तळहाताला नकळत घाम येतो. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात हे सगळं उरकतं, शब्द मागाहून येतात. एवढं जुनंच ज्ञान होतं. नवा शोध लागला तो असा, की या प्रतिक्रियांची वीण प्रत्येक माणसाची वेगळी असते आणि बोटांच्या ठशासारखी ती सहसा बदलत नाही. मग एक हलका चष्मा आणि मनगटाला एक पट्टी तीन महिने वापरायची. त्या काळात माणूस दुकानांच्या पाट्या, शेजाऱ्याची गाडी, ताटातली भाजी असं जे जे बघतो, त्यावर शरीर काय म्हणालं हे टिपलं जातं. त्यातून यंत्र त्या माणसाच्या आवडीचा नमुना बांधतं, आणि त्यानं कधी न पाहिलेलं चित्रही त्याला कितपत आवडेल, हे शंभरपैकी मार्क देऊन सांगतं. सहसा चुकत नाही. शास्त्रीय नाव लांबलचक होतं. लोक नुसतं प्रत म्हणायचे.

हे करताना शास्त्रज्ञांनी एक गोष्ट गाळली. पहिल्या प्रतिक्रियेनंतर माणसाच्या डोक्यात जे जे येतं, म्हणजे कंटाळा, भीड, घाई, समोरच्याची दया, घरी पाहुणे यायचेत ही आठवण, ते सगळं त्यांनी कचरा म्हणून बाजूला काढलं. शुद्ध आवड हवी तर भेसळ कशाला? शास्त्र म्हणून ते बरोबरच होतं. पण डिझाइनचा सगळा धंदा आजवर त्या कचऱ्यावरच उभा होता, हे त्यांना सांगायला चारुतासारखी कुणी तिथं नव्हती.

प्रत दमत नाही. तिला भूक लागत नाही, तिच्या घरात लग्न निघत नाही, गुढीपाडवा जवळ आला म्हणून तिच्या पोटात गोळा येत नाही. पाकीट पाठवलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर: एकसष्ट मार्क, लाल कोंदट. दुरुस्त करून पाठवलं की त्रेसष्ट, मिरचीचं पान अनोळखी वाटतं. आणि सत्तरच्या खाली पसंती नाही, असं विक्रांतनं बजावलेलं. पाडव्याला नवं पाकीट दुकानांत पोचायला हवं होतं, छापखानेवाला रोज विचारत होता, आणि काकींची प्रत मात्र पानाच्या देठाबद्दल बोलत होती.

चारुताकडे अशा वेळची एक हुकमी युक्ती होती. तिला ती तीट म्हणायची. तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालाला काजळ लावतात, तसं आपल्या चांगल्या चित्रात एक ढळढळीत वाईट गोष्ट ठेवून द्यायची, कोपऱ्यात जाडजूड फुलं वगैरे. गिऱ्हाइकाची नजर बरोबर तिथं जाते. तो ती फुलं काढायला लावतो, आपलं म्हणणं राहिलं म्हणून खूश होतो आणि बाकीचं चित्र वाचतं. कितीतरी कामं तिनं अशी तारून नेली होती. या खेपेलाही तिनं कोपऱ्यात झेंडूचा गुच्छ घातला. प्रतीनं सांगितलं, गुच्छ काढा. तिनं काढला. चौसष्ट मार्क, लाल अजून कोंदटच. चारुतानं त्या दिवशी दुपारचं जेवण घेतलं नाही.

यातून सुटायचा एक मार्ग होता आणि तोच तिला नको होता. घरून कामं करणाऱ्यांना गिऱ्हाइकं मिळवून देणारा हातोटी नावाचा एक मंच होता. तिची बहुतेक कामं तिथूनच यायची. त्यांचं म्हणणं, आता डिझाइन करणाऱ्यांनीही आपापली प्रत द्यावी. मग गिऱ्हाइकाची प्रत आणि डिझायनरची प्रत आपसात काय ते ठरवतील, माणसांना डोकेफोड नको, घरबसल्या मोबदल्यातला वाटा मिळेल. दिवाळीपासून चारुतानं चष्मा वापरला होता, चाचणीपुरती तिची प्रत तयारही झाली होती. पाडव्याच्या आत करारावर सही करायची, नाहीतर नवी कामं येणं बंद. मी नसताना माझं काम होणार असेल तर मी कशाला आहे, हा प्रश्न तिला रोज पडायचा. म्हणून तिनं मनाशी ठरवलं होतं: देसूरकरांचं काम स्वतःच्या हातानं पार पडलं, तर काहीही होवो, सही करायची नाही. नाही पडलं, तर मुकाट्यानं करून टाकायची.

निनादचं मत सहीच्या बाजूनं होतं. तो पाणीपुरवठ्याकडे इंजिनियर, सरळ माणूस. बायको रोज एका यंत्राशी भांडते हे त्याला बघवत नव्हतं.

त्या संध्याकाळी तो तिच्या खोलीच्या दारात बराच वेळ उभा राहिला. चारुता देठ वाकवत होती. काही हवंय का, असं तिनं न बघताच विचारलं. त्यानं विचारलं की बाहेरचा सोफा तुला आवडतो का. तिला वाटलं, हा सोफा बदलायचं म्हणतोय, आणि ती म्हणाली की चालेल की, काय झालंय त्याला.

"तुझ्या प्रतीनं त्याला आठ मार्क दिलेत," निनाद म्हणाला. "शंभरातले."

तिनं वळून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. हळूहळू सगळं बाहेर आलं. चाचणीची प्रत घरच्यांनाही वापरता यायची. तिच्या वाढदिवसाला साडी घ्यायची म्हणून त्यानं पहिल्यांदा प्रतीला विचारलं होतं. दुकानातल्या ढीगभर साड्या नाकारून प्रतीनं एक राखाडी साडी निवडली आणि चारुता ती बघून खरोखर हरखली होती. मग त्याला चटकच लागली. तो घरभर फोटो काढत फिरला. स्वयंपाकघरातली फरशी अकरा. पडदे नऊ. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला आणलेलं घड्याळ चार.

चारुता आधी भडकली. आपल्या पाठीमागे आपल्याच डोक्यात शिरायचं म्हणजे काय, असं ती बरंच काही बोलली. निनादनं ऐकून घेतलं.

"दरवेळी मी तुला विचारूनच आणलं," तो म्हणाला. "तू चालेल म्हणालीस. मला वाटायचं, चालेल म्हणजे आवडलं."

"अरे, चालेल म्हणजे चालेल. त्यात काय एवढं?"

"माझा फोटो दाखवायचा धीर झाला नाही," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला.

तिला त्याच्या मागे जायचं होतं. पण काय सांगणार? सोफा तिला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता, हे खरंच होतं. तो हौसेनं टेम्पोतून घेऊन आला होता, घामाघूम झाला होता, आणि तिला एका अंगणवाडीच्या भिंतीचं काम संपवायचं होतं. तेव्हा नाही म्हणायला वेळ नव्हता आणि मनही झालं नव्हतं. हे सगळं त्या आठ मार्कांत कुठं बसतं? ती चडफडत पुन्हा देठाकडे वळली, आणि प्रतीनं कळवलं, बासष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाच नमुने छापून घेतले आणि गडहिंग्लजची एसटी पकडली. एसटीला आता ड्रायव्हर नव्हता, कंडक्टर मात्र होता, कारण मागे सरका, पुढे सरका हे लोक यंत्राचं ऐकत नव्हते. वाटभर ती मनात बोलणी घोळवत राहिली. काकींनी स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघितलं की झालं. यंत्राचं काहीतरी बिघडलंय, एवढं सिद्ध करायचं होतं.

देसूरकरांच्या आवारात कांडप चालू होतं. मिरचीच्या खकाण्यानं ती दारातच शिंकायला लागली. विक्रांत कचेरीतून लगबगीनं आला आणि म्हणाला की ताई, तुम्ही कशाला आलात, पाठवायचं होतं की. त्याला बाजूला सारून ती आत गेली. शालिनीकाकी माजघरात पंख्याखाली बसल्या होत्या. केस आता पूर्ण पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता, आवाज तोच.

"अगं चारू, उन्हाचं कशाला आलीस? बस. पाणी पी आधी."

पाणी पिऊन तिनं पाचही पाकिटं त्यांच्यापुढे मांडली. काकींनी एकेक हातात घेतलं, उजेडाला धरलं, उलटं करून पाहिलं. त्यांना बराच वेळ लागला.

"आवडलं का एखादं?" शेवटी चारुतानं विचारलं.

"न्हाई गं," काकी म्हणाल्या. "एकबी मनाला येईना."

म्हणजे यंत्र बरोबर होतं. आपला हात गेला, आता आपल्याला जमत नाही, असं चारुताच्या मनात आलं आणि ते तिनं बोलूनही दाखवलं. पूर्वीची पाकिटं आवडायची तुम्हाला, ती म्हणाली.

"पूर्वीची कुठली आवडतायत? ते गोड्या मसाल्याचं तर मला अजून बघवत नाही. फिनेलचं वाटतंय."

गोड्या मसाल्याच्या पाकिटाचा फोटो चारुतानं कितीतरी वर्षं आपल्या कामांच्या नमुन्यांत पहिला ठेवला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग इतकी वर्षं चालेल चालेल का म्हणालात, असं तिनं जवळजवळ ओरडूनच विचारलं.

"चालत होतं म्हणून म्हटलं. मसाला खपत होता की." काकी जराही चिडल्या नाहीत. "आणि तू कोपऱ्यात ती फुलं घालायचीस ना, काढायला लावावीत म्हणून? मला काय कळत नव्हतं होय? लावायचे मी काढायला. तुलाबी बरं, मलाबी बरं."

"मग दुसऱ्या कुणाकडे जायचं होतंत. आवडेल असं करून देणारी मिळाली असती."

"मिळाली असती," काकी म्हणाल्या. "चार मिळाल्या असत्या. पण मामंजी गेले, तेव्हा त्यांचा फोटो पाकिटावर घाल म्हणून मी तुझ्या डोक्यावर बसले होते. तू लहान करून दाखवलास, मोठा करून दाखवलास, मिरचीच्या मागं घातलास. वाईट दिसतोय असं एकदा तोंडातून काढलं नाहीस. वाईटच दिसत होता. मलाबी दिसत होतं. असलं माणूस सोडून मी आवडीच्या मागं जाऊ होय?"

चारुताला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. काकींनी पाचांतलं एक पाकीट उचलून बाजूला ठेवलं.

"हे चालेल. टाक छापायला. पाडवा काय माझ्यासाठी थांबणार हाय?"

दारात उभा असलेला विक्रांत म्हणाला की आई, तुझ्या प्रतीनं याला सत्तरला पोचू दिलेलं नाही.

"मग मसालाबी तिलाच खायला घाल," काकी म्हणाल्या आणि चारुताला जेवूनच जायला लावलं.

काम झालं होतं. सही करायची गरज उरली नव्हती. पण परतीच्या एसटीत चारुताला आनंद काही होईना. आपलं एकही पाकीट आवडलं नव्हतं, हे काही केल्या गिळता येत नव्हतं. काकींनी का सांभाळून घेतलं ते कळत होतं, त्याबद्दल मन भरूनही येत होतं, तरी ते फिनेल काट्यासारखं सलत होतं. आणि कागलच्या पुढे कधीतरी तिला लख्ख कळलं, की काल संध्याकाळी निनादला नेमकं हेच झालं असणार. फक्त काकींनी कारण सांगितलं होतं. तिनं त्याला 'त्यात काय एवढं' म्हणून वाटेला लावलं होतं.

घरी आली तेव्हा तो तिची वाटच बघत होता. आज त्याचा चेहरा उजळलेला होता. त्यानं तिला बसवलं आणि बोलू नकोस, नुसतं बघ, म्हणत भिंतीवरचा मोठा पडदा लावला.

ते त्यांचंच घर होतं, पण पार बदललेलं. दिवसभर रजा काढून त्यानं तिच्या प्रतीकडून घर नव्यानं मांडून घेतलं होतं. भिंती कोऱ्या खादीच्या रंगाच्या. जमीन गार काळ्या दगडाची. खिडकीच्या उजेडात एक बुटकी लाकडी खुर्ची, शेजारी तिच्या वह्या-रंगांची मांडणी, बाकी सगळी मोकळी जागा. त्र्याण्णव मार्क, असं तो अभिमानानं म्हणाला. पाडवा झाला की काम सुरू करू, गवंड्याशी बोलूनही ठेवलंय.

चारुताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं स्वतः जन्मभर बसून काढलं असतं तरी इतकं जमलं नसतं. मनात कुठंतरी असलेलं आणि कधी न बोललेलं सगळं त्या चित्रात होतं. तिच्या शरीरानं हो म्हणून टाकलं होतं. मग बाकीचा सेकंद सुरू झाला आणि तिची नजर त्या खोलीत काहीतरी शोधायला लागली. त्याच्या वर्तमानपत्रांचा ढीग नव्हता. दुखरा गुडघा ठेवायचं त्याचं स्टूल नव्हतं. खुर्ची एकच होती.

"तू कुठं बसायचंस यात?" तिनं विचारलं.

निनादनं पडद्याकडे नव्यानं पाहिलं. एवढ्या वेळात हा प्रश्न त्याच्या मनात आला नव्हता, तो प्रतीलाही पडला नव्हता.

"बसेन कुठंतरी," तो म्हणाला. "मला चालेल."

चारुतानं त्याच्या हातावर हात ठेवला. "मला आवडलंय रे. इतकं काही आजवर आवडलं नसेल. पण नको."

म्हणजे तो आठ मार्कांचा सोफाच, असं तो हिरमुसून म्हणाला. ती म्हणाली की सोफा भयंकर आहे, तो जाऊ दे, पण नवा आणायला दोघांनी जायचं. आणि इथून पुढं मला काही विचारायचं तर मलाच विचार.

"तुला विचारलं की तू चालेल म्हणतेस."

तिनं फोन उघडून हातोटीच्या कराराला नकार कळवला आणि चाचणीची प्रतही पुसून टाकली. उद्यापासून पुन्हा तेच, जेवताना फोन आणि मिरची मोठी कर. कामं मिळतील का हाही घोर होताच. विचारानंच तिला वीट आला.

"मी चालेल म्हटलं, तर तिथं थांबू नकोस," ती म्हणाली. "पुन्हा विचार."

निनादनं स्वयंपाकघराकडे बोट केलं. "फरशी?"

"नाही आवडत. कधीच आवडली नव्हती."

"चार दुकानं पालथी घालून आणली होती मी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतक्या वर्षांत पहिल्यांदा चढला. "त्या फरशीत वाईट काय आहे, ते तरी सांगशील का?"

"सांगते," चारुता म्हणाली आणि त्याच्यासमोर नीट सरकून बसली. "पण आधी तू बोल. तुला ती का आवडली?"